क्यूआरपी रिगला डिस्प्ले आणि संगणक जोडताना: आधी वीज आणि खरखर, मग सोय

पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर (क्यूआरपीवर) काम करणाऱ्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, कधी ना कधी तीन गोष्टी हव्याशा वाटतात: नेमकी फ्रिक्वेन्सी दाखवणारा डिस्प्ले, रिगची, म्हणजे रेडिओ संचाची, संगणकाशी जोडणी, आणि बँडमध्ये कुठे काय चाललंय ते दाखवणारा पडदा. तिन्ही गोष्टी स्वतःच्या टेबलावर, साध्या सोल्डरिंग आयर्नने जमतात. पण क्यूआरपी रिगची खरी ताकद असते तिची कमी भूक आणि शांत रिसीव्हर. बाहेरून जोडलेली प्रत्येक वस्तू या दोन्हींतलं थोडं थोडं काढून घेते. म्हणून या लेखात मी प्रत्येक जोडणीला दोनच प्रश्न विचारणार आहे. ती किती करंट खाते? आणि हेडफोनमध्ये किती खरखर वाढवते?

करंटचा हिशेब आधी करू. समजा रिग रिसीव्हला १५० मिलिअँपियर आणि ट्रान्समिटला १ अँपियर घेते. एकूण वेळेच्या पाव हिस्सा ट्रान्समिट धरला तर सरासरी येते ०.३६ अँपियर, म्हणजे ३ अँपियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सव्वाआठ तास पुरते. आता त्याच बॅटरीवर छोटा संगणक, एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रिसीव्हर) आणि पडदा मिळून ८ वॅटचा भार टाका. ८५ टक्के कार्यक्षमतेचा कन्व्हर्टर धरला तर १२.८ व्होल्टला हे झाले आणखी ०.७३ अँपियर. तीच बॅटरी पावणेतीन तासांत संपते. रिगपेक्षा तिच्या भोवतीची मंडळीच दुप्पट खातात!

तुमची रिग मुळात किती घेते यावरही बरंच ठरतं. एफटी-८१७ च्या माहितीपत्रकात रिसीव्हला ४५० मिलिअँपियर दिलेत, तर केएक्स२ रिसीव्हला १३५ पर्यंत खाली येते. पहिल्या रिगला १०० मिलिअँपियरचा डिस्प्ले जोडला तर फारसं बिघडत नाही. दुसऱ्या रिगच्या बाबतीत तोच डिस्प्ले बॅटरीचा मोठा हिस्सा घेऊन जातो.

काहीही जोडण्याआधी खरखर मोजून ठेवा

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि पुढचे कित्येक तास वाचवतं. रिगच्या अँटेना सॉकेटला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड (शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावा, व्हॉल्यूम एका ठरलेल्या खुणेवर ठेवा आणि हेडफोनच्या तारांवर मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टला लावून आकडा लिहून घ्या. डमी लोडवर फक्त रिसीव्हरचा स्वतःचा आवाज असतो, त्यामुळे साधारणपणे एजीसी (आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) मध्ये पडत नाही. हेच प्रत्येक बँडवर करा. मग बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डायल सावकाश फिरवून आधीपासूनच असलेल्या शिट्ट्यांच्या जागा टिपून ठेवा.

नंतर प्रत्येक नवी वस्तू जोडली की हीच चाचणी पुन्हा. आकडा दुप्पट झाला तर खरखर ६ डेसिबलने वाढली. डमी लोडवर आकडा तसाच आहे पण अँटेना लावल्यावर आवाज वाढतोय, तर त्रास अँटेनावाटे आत येतोय: नवीन वस्तूच्या तारा प्रक्षेपण करताहेत. डमी लोडवरच वाढला, तर तो वीजपुरवठ्यातून किंवा ग्राउंडमधून येतोय. या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. भेद न करता फेराइट लावत सुटलं तर वेळ आणि फेराइट दोन्ही वाया जातात.

फ्रिक्वेन्सी डिस्प्ले: मोजायची की तयार करायची?

स्वतःच्या हाताने बांधलेल्या रिगला पहिली जोड याचीच द्यावी असं मला मनापासून वाटतं. बँडच्या कडेपासून आपण किती आत आहोत हे कळणं ही नियमाची गरज आहे, नुसती हौस नव्हे.

दोन वाटा आहेत. रिगमध्ये जुन्या पद्धतीचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा, हलवता येणारा ऑसिलेटर), म्हणजे कॉइल-कपॅसिटरचा किंवा क्रिस्टल ओढून हलवणारा असेल, तर त्याची फ्रिक्वेन्सी मोजणारा काउंटर लावायचा. नाहीतर व्हीएफओच काढून टाकून त्या जागी एसआय५३५१ सारखा सिंथेसायझर बसवायचा आणि त्याला हुकूम देणाऱ्या मायक्रोकंट्रोलरकडूनच आकडा दाखवून घ्यायचा.

आधी काउंटर घेऊ. तो व्हीएफओ मोजतो, तुमची फ्रिक्वेन्सी नव्हे. सुपरहेट रिगमध्ये, म्हणजे जिथे आलेला सिग्नल आधी एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफवर) आणला जातो तिथे, या दोहोंत त्या आयएफचा फरक असतो. अशहर फरहान यांच्या बिटएक्स४० या रिगचं उदाहरण समजायला सोपं आहे. तिथे आयएफ १२ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि व्हीएफओ ५ मेगाहर्ट्झच्या जरा खाली चालतो. आलेला सिग्नल आणि व्हीएफओ यांची बेरीज आयएफवर पडते, म्हणून डायल म्हणजे आयएफ वजा व्हीएफओ. व्हीएफओ वर गेला की डायल खाली येतो. म्हणजे काउंटरला वजाबाकी उलट्या दिशेने करता आली पाहिजे. पीआयसी १६एफ६२८ वर बांधलेले काउंटर आणि बाजारात मिळणारी सहा आकड्यांची तयार मॉड्यूल अशी बेरीज-वजाबाकी करतात. घेण्याआधी ही सोय आहे की नाही ते पाहा.

इथे एका बारकाव्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. काउंटरमध्ये भरायचा आकडा क्रिस्टलवर छापलेला १२.०००० नसतो. एसएसबीसाठी (बोलण्याच्या मोडसाठी) तो बीएफओचा, म्हणजे आवाज परत मिळवून देणाऱ्या ऑसिलेटरचा, खरा आकडा असतो, आणि तो क्रिस्टल फिल्टरच्या कडेला सरकवलेला असतो. समजा बीएफओ ११.९९८ वर आहे आणि व्हीएफओ ४.८९८ वर. खरी फ्रिक्वेन्सी झाली ७.१००. काउंटरमध्ये १२.००० भरलं असेल तर तो ७.१०२ दाखवेल. बँडच्या कडेवर २ किलोहर्ट्झ म्हणजे आत की बाहेर एवढा फरक. त्यामुळे काउंटर आधी बीएफओला लावून तो आकडा वाचा, तोच साठवा, मग काउंटर व्हीएफओकडे न्या.

काउंटर थेट ऑसिलेटरला लावला तर ऑसिलेटर सरकतो, कधी कधी बंदही पडतो. मधे बफर हवाच. ऑसिलेटरपासून ४.७ पिकोफॅरडचा कपॅसिटर, पुढे जे३१० ची गेट, गेटपासून ग्राउंडला १ मेगओहम, सोर्सपासून ग्राउंडला १ किलोओहम, आणि सोर्सवरून ०.०१ मायक्रोफॅरडमधून काउंटरला. ड्रेनला १०० ओहममधून रिगचाच स्थिर पुरवठा द्या आणि ड्रेनपाशी ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा. काउंटर जोडून आणि काढून बीट नोट ऐका. टोन हलला नाही तर बफर काम करतोय. काउंटरपर्यंतची तार बारीक कोअॅक्सची घ्या, आरजी-१७४ पुरते.

काउंटर किती बारीक मोजतो ते त्याच्या गेटच्या वेळेवर ठरतं. १ हर्ट्झपर्यंत मोजायचं तर पूर्ण एक सेकंद मोजत बसावं लागतं, १० हर्ट्झला दशांश सेकंद पुरतो. डायल फिरवताना एक सेकंद मागे राहणारा आकडा त्रासाचा होतो. १० हर्ट्झ निवडा. १०० हर्ट्झसुद्धा एसएसबीला चालतं.

सीडब्ल्यूच्या (मोर्सच्या) डायरेक्ट कन्व्हर्जन रिगमध्ये आयएफ नसतो, पण ६०० ते ७०० हर्ट्झचा ऑफसेट असतो. ट्रान्समिट ७.०३०० वर असेल तर रिसीव्हला ऑसिलेटर ७.०३०७ किंवा ७.०२९३ वर जातो आणि काउंटर तेच दाखवतो. लॉगमध्ये लिहायचा आकडा म्हणजे मोर्सची की दाबल्यावरचा. डमी लोडवर की दाबून एकदा दोन्ही आकडे पाहून घ्या.

आता दुसरी वाट. एसआय५३५१ मध्ये २५ किंवा २७ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल असतो आणि त्यावरून तीन स्वतंत्र आउटपुट निघतात, ८ किलोहर्ट्झपासून १६० मेगाहर्ट्झपर्यंत. एका आउटपुटवर व्हीएफओ आणि दुसऱ्यावर बीएफओ घेतला की साइडबँड बदलणं सॉफ्टवेअरच्या एका ओळीचं काम होतं. चिप ३.३ व्होल्टची आहे. ५ व्होल्टच्या आर्डुइनो नॅनोला ती जोडायची तर लेव्हल शिफ्टर असलेलं मॉड्यूल घ्या. आउटपुट चौकोनी लहरीचं असतं. डायोड मिक्सरला ते आवडतं, पण थेट ट्रान्समीटर साखळीत घ्यायचं असेल तर पुढे चांगला लो-पास फिल्टर असल्याशिवाय अँटेना लावू नका.

कॅलिब्रेशनसाठी प्रमाणवेळेची केंद्रं वापरा. डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि बीपीएम ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर असतात, आरडब्ल्यूएम ४.९९६, ९.९९६ आणि १४.९९६ वर. सिंथेसायझरला १०.०००००० मेगाहर्ट्झ सांगा, आउटपुटला वीतभर तार लावून ती दुसऱ्या रिसीव्हरच्या अँटेनाजवळ ठेवा आणि तो रिसीव्हर एएमला १० मेगाहर्ट्झवर लावा. केंद्र आणि तुमचा ऑसिलेटर यांच्यातली थरथर ऐकू येईल. सॉफ्टवेअरमधला करेक्शन आकडा बदलत ती थरथर सेकंदाला एकदोन हेलकाव्यांवर आणा. क्रिस्टल १० पीपीएमने (दहा लाखात दहाने) चुकत असेल तर १४ मेगाहर्ट्झला १४० हर्ट्झची चूक येते, त्यामुळे हा खटाटोप आवश्यक आहे. रिग अर्धा तास चालू राहून कोमट झाल्यावरच हे करा.

पडदा कुठला?

दिवसा उघड्यावर बसायचं असेल तर १६ बाय २ चा साधा एलसीडी अजूनही सगळ्यांत भरवशाचा. मागचा दिवा काढून टाकला तर तो एकदोन मिलिअँपियरवर चालतो आणि उन्हात जास्तच स्पष्ट दिसतो; अर्थात हे उजेड परत फेकणाऱ्या जातीच्या पॅनेलला लागू, पांढरी अक्षरं-निळी पाटी असलेलं पॅनेल दिव्याशिवाय वाचता येत नाही. दिव्यासाठी वेगळं बटण द्या. मागे पीसीएफ८५७४ ची पट्टी लावली की सहा तारांऐवजी दोनच लागतात.

०.९६ इंची ओएलईडी, ज्यात एसएसडी१३०६ चिप असते, तो रात्री फार छान दिसतो आणि १० ते २० मिलिअँपियरमध्ये भागतं. उन्हात मात्र डोळे ताणावे लागतात. त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारा चार्ज पंप असतो आणि तो खरखर करू शकतो. आणखी एक अडचण नॅनोवर जाणवते. १२८ बाय ६४ बिंदूंचं पूर्ण चित्र मेमरीत ठेवायला १,०२४ बाइट लागतात, आणि एटीमेगा३२८ कडे एकूण रॅम २,०४८ बाइटच. त्यात कीयर (मोर्सचे डिट-डाह बनवणारा), मेमरी आणि कॅटचा (संगणकाशी बोलण्याचा) कोडही बसवायचा असतो. चित्र तुकड्यातुकड्याने काढणारी लायब्ररी वापरली की ही ओढाताण संपते.

रंगीत टीएफटीचा मोह सगळ्यांना होतो. २.८ इंची, आयएलआय९३४१ चिपचा पडदा ३२० बाय २४० बिंदूंचा असतो. प्रत्येक बिंदूला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला दीड लाखाहून जास्त बाइट. ८ मेगाहर्ट्झच्या एसपीआयवरून पूर्ण पडदा रंगवायला सेकंदाचा सातवा भाग जातो. म्हणून डायल फिरवताना पूर्ण पडदा पुन्हा रंगवू नका. जो आकडा बदलला तेवढाच पुसा आणि लिहा. वॉटरफॉल (बँडमधल्या सिग्नलचं सरकतं चित्र) दाखवायचा नसेल तर क्यूआरपी रिगला या पडद्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठलाही पडदा घेतला तरी खरखर कमी करायची रीत एकच आहे. बदल झाला तरच पडद्याला डेटा पाठवा. तेच आकडे सेकंदाला दहा वेळा पुन्हा पाठवणारा कोड हेडफोनमध्ये टकटक करतो, आणि ती टकटक कमकुवत सीडब्ल्यू सिग्नलवर नेमकी बसते. डेटाच्या तारांमध्ये १०० ओहमचे रेझिस्टर घाला म्हणजे लहरींच्या कडा बोथट होतात. पडद्याच्या पुरवठ्यात १०० मायक्रोहेन्रीचा चोक आणि दोन्ही बाजूंना कपॅसिटर लावा. पडदा आणि मायक्रोकंट्रोलर तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डाचे तुकडे जोडून केलेल्या डब्यात बसवा, आणि डब्यातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक तारेला भिंतीपाशीच ०.००१ मायक्रोफॅरडने ग्राउंड करा.

५ व्होल्ट कुठून घ्यायचे? १०० मिलिअँपियरपर्यंत ७८०५ घ्या. १३ व्होल्टवरून त्यात ०.८ वॅट उष्णता होते, छोटी पत्र्याची पट्टी पुरते आणि आवाज शून्य. ५०० मिलिअँपियरला हेच ४ वॅट होतात. तिथे स्विचिंग कन्व्हर्टर लागतोच. तो वेगळ्या धातूच्या डब्यात, आत-बाहेर दोन्ही बाजूंना फिल्टर लावून, रिसीव्हरपासून शक्य तितका लांब.

कॅट: रिगशी संगणकाचं बोलणं

कॅट म्हणजे संगणकाने सीरियल तारेवरून फ्रिक्वेन्सी आणि मोड विचारायचे किंवा बदलायचे. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, पण तीन ओळखल्या की बहुतेक रिगना पुरतं.

एफटी-८१७ ची भाषा पाच-पाच बाइटची आहे. पहिल्या चार बाइटमध्ये १० हर्ट्झच्या हिशेबात फ्रिक्वेन्सी, शेवटच्यात हुकूम. १४.०६० मेगाहर्ट्झवर जायचं तर ०१ ४० ६० ०० ०१ पाठवायचं. विचारायचं असेल तर शेवटचा बाइट ०३. उत्तरात चार बाइट फ्रिक्वेन्सी आणि पाचवा मोडचा येतो: ०० एलएसबी, ०१ यूएसबी, ०२ सीडब्ल्यू. मायक्रोबिटएक्सचं मूळ सॉफ्टवेअरही हीच भाषा बोलतं, म्हणून संगणकावर रिग निवडताना तिथे एफटी-८१७ निवडतात आणि वेग ३८४०० ठेवतात. केनवुडची भाषा साध्या अक्षरांची आहे: एफ आणि ए ही दोन रोमन अक्षरं, मग हर्ट्झमध्ये ११ आकडे, शेवटी अर्धविराम. क्यूसीएक्स, क्यूएमएक्स आणि एलेक्राफ्टच्या रिग याच वळणाच्या. आयकॉमची सीआय-व्ही एकाच तारेवर दोन्ही बाजूंनी बोलते आणि प्रत्येक रिगला स्वतःचा पत्ता असतो.

जोडताना या क्रमाने जा.

आधी व्होल्टेज पाहा. एफटी-८१७ च्या मागच्या आठ पिनच्या सॉकेटवर सीरियलचे सिग्नल ५ व्होल्ट टीटीएल पातळीचे आहेत, आणि त्याच सॉकेटवर १३.८ व्होल्टची पिनही आहे. ती पिन चुकून यूएसबी कन्व्हर्टरच्या डेटाला टेकली तर कन्व्हर्टर गेला, त्याच्यासोबत संगणकाचं पोर्टही जाऊ शकतं. केबल बनवल्यावर, रिगला लावण्याआधी, प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासा आणि १३.८ ची तार कापून तिचं टोक झाकून टाका. जुन्या नऊ पिनच्या आरएस-२३२ मध्ये व्होल्टेज उणेही जातं. ते थेट कधीही लावू नका.

मग यूएसबी-टू-टीटीएल कन्व्हर्टर घ्या. सीएच३४०, सीपी२१०२ किंवा एफटी२३२ चालतात. रिगचा ट्रान्समिट डेटा कन्व्हर्टरच्या रिसीव्हला, आणि उलट. ग्राउंड जोडा. रिगच्या मेनूतला बॉड रेट आणि संगणकावरचा एकच ठेवा. बहुतेक वेळा ‘रिग बोलत नाही’ याचं कारण एवढंच असतं. एफटी-८१७ ला दोन स्टॉप बिट लागतात हे विसरू नका.

नंतर सॉफ्टवेअर. हॅमलिब, एफएलरिग किंवा विंडोजवर ओम्निरिग. आधी फक्त फ्रिक्वेन्सी वाचून दाखवते का ते बघा, ट्रान्समिटला हात लावू नका. अनेक प्रोग्राम एकाच रिगशी बोलणार असतील तर एफएलरिग मधे ठेवा, कारण एक सीरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो.

नॅनो असलेल्या रिगमध्ये एक गोष्ट नक्की घडते. प्रोग्रामने पोर्ट उघडलं की डीटीआर नावाची सीरियलची तार नॅनोला रिसेट करते आणि रिग पुन्हा सुरू होते. प्रोग्राम भरून झाल्यावर रिसेट पिन आणि ग्राउंडच्या मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवीन प्रोग्राम भरताना मात्र तो काढावा लागतो, म्हणून तिथे जंपर ठेवा.

डीटीआर किंवा आरटीएसवरून पीटीटी (रिगला ट्रान्समिटला नेणारा स्विच) चालवणार असाल तर संगणक सुरू होताना या तारा स्वतःहून वर जातात हे लक्षात ठेवा. रिग आपोआप ट्रान्समिटला जाते आणि कुणाचं लक्ष नसेल तर फायनल ट्रान्झिस्टर तापत बसतो. संगणक पूर्ण सुरू झाल्यावरच रिग चालू करायची. पीटीटीसाठी पीसी८१७ ऑप्टोकपलर घ्या, डीटीआर आणि त्याच्या एलईडीच्या मधे १ किलोओहम. ग्राउंडही वेगळे राहतात.

आवाजाची तार आणि डिजिटल मोड

एफटी८ हा मोड २०१७ मध्ये आला आणि क्यूआरपीवाल्यांना त्याने मोठा आधार दिला, कारण २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यात नॉइजपेक्षा २१ डेसिबल खाली असलेला सिग्नलही तो उकलतो. त्यासाठी रिग आणि संगणक यांच्यात आवाजाच्या दोन तारा लागतात. साउंड कार्ड नसलेल्या छोट्या संगणकाला यूएसबी साउंड कार्ड लावा. क्यूएमएक्स आणि आयसी-७०५ मध्ये ते आतच आहे. तिथे एकच यूएसबी केबल सगळं काम करते आणि पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

रिगकडे जाणाऱ्या तारेत आवाज बराच कमी करावा लागतो. साउंड कार्डमधून सुमारे १ व्होल्ट निघतो, तर एफटी-८१७ च्या डेटा सॉकेटला ४० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक पुरतात. १० किलोओहम मालिकेत आणि रिगच्या टोकाला १०० ओहम ग्राउंडला, एवढ्याने शंभराला एक असं प्रमाण मिळतं. संगणकातल्या स्लायडरने शून्याजवळ नेऊन हे साधू नका. तिथे साउंड कार्डाचा स्वतःचा गोंधळच जास्त भरतो.

दोन्ही दिशांना ६०० ओहमचे, एकास एक ट्रान्सफॉर्मर लावा. गुरगुर बहुतेक वेळा याच एका उपायाने जाते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे ठेवायचे. ते डब्याच्या पत्र्यातून नकळत एकत्र आले तर सगळं व्यर्थ.

पातळी लावताना डमी लोड, वॅटमीटर, आणि साउंड कार्डाचा आवाज तळाला. हळूहळू वाढवा. शक्ती वाढायची थांबली की तिथून जरासं खाली या. एएलसी (शक्ती आपोआप आवरणारं सर्किट) हललं नाही पाहिजे. टोन १,५०० ते २,००० हर्ट्झमध्ये ठेवा. ५०० हर्ट्झचा टोन वापरलात तर त्याच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचा कचराही रिगच्या फिल्टरमधून आरामात बाहेर जातो. एफटी८ च्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्राममध्ये ‘फेक इट’ ही स्प्लिटची सोय यासाठीच आहे. कॅट चालू असेल तर ती लावाच.

उष्णतेचं भान ठेवा. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या खेपेत १२.६ सेकंद पूर्ण शक्तीवर कॅरियर चालू असतो. बोलण्यासाठी बनवलेल्या छोट्या रिगला ही सवय नसते. ५ वॅटच्या रिगवर २.५ वॅट ठेवा. समोरच्याला ३ डेसिबलच कमी, पण तुमचा फायनल निम्म्या भाराने चालतो. डब्ल्यूएसपीआर या मोडमध्ये तर एक खेप ११० सेकंदांची असते, तिथे २०० मिलिवॅटही मजेत पुरतात.

घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. इंटरनेट नसलेल्या जागी निओ-६एम सारखं जीपीएस मॉड्यूल किंवा निदान डीएस३२३१ चं घड्याळ जोडा. घड्याळ चुकतंय का ते डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डीटी स्तंभातच दिसतं. एखाद्याच स्टेशनसमोर १.२ असेल तर त्याचं घड्याळ चुकलंय. सगळ्यांसमोर १.२ च्या आसपास आकडे असतील तर तुमचंच घड्याळ सेकंदभर पुढे आहे.

नुसती सीडब्ल्यूची रिग असेल तर आवाजाच्या तारांची गरज नाही. संगणकाने की दाबायची असेल तर की लाइनमध्ये एक ऑप्टोकपलर बस्स. डिट-डाहची लय मात्र संगणकावर सोपवू नका, तो मधेच अडखळतो. विनकीयरसारखा वेगळा कीयर त्यापेक्षा कितीतरी नीटस पाठवतो.

पॅनाडाप्टर

पॅनाडाप्टर म्हणजे सुरुवातीला म्हटलेला, बँड दाखवणारा पडदा. बँड डोळ्यांनी दिसायला लागला की ऐकण्याची पद्धत बदलते. कुठे कोण आहे ते दिसतं, आणि कमी शक्तीवाल्याला मोकळी जागा पटकन सापडते. पण करंटच्या बाबतीत ही सगळ्यांत महाग जोड. आरटीएल-एसडीआर डोंगल ५ व्होल्टला ३०० मिलिअँपियरच्या आसपास घेतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते होतात सुमारे १५०, म्हणजे एका केएक्स२ पेक्षा जास्त.

डोंगल रिगच्या आयएफला जोडतात, आणि तोही पहिल्या मिक्सरनंतर पण क्रिस्टल फिल्टरच्या आधी. फिल्टरच्या पलीकडे जोडलात तर दोन-तीन किलोहर्ट्झच दिसतील. एफटी-८१७ चा पहिला आयएफ ६८.३३ मेगाहर्ट्झ आहे आणि आरटीएल-एसडीआरला तो सहज ऐकू येतो. बिटएक्स४० चा १२ मेगाहर्ट्झ मात्र डोंगलच्या ट्यूनरच्या, म्हणजे साधारण २४ मेगाहर्ट्झच्या, खाली पडतो. तिथे डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय असलेला किंवा अप-कन्व्हर्टर असलेला डोंगल लागतो.

इथेही काउंटरला वापरला तसाच जे३१० चा बफर लावा, म्हणजे रिगच्या मिक्सरवर भार पडत नाही आणि डोंगलचा कचरा उलट दिशेने रिसीव्हरमध्ये शिरत नाही. दुसरं म्हणजे, काम पूर्ण झाल्यावर डमी लोडची चाचणी करायला विसरू नका. या जोडणीत आकडा बदलण्याची शक्यता सर्वांत जास्त.

लोकल ऑसिलेटर सिग्नल आणि आयएफ यांच्या बेरजेवर चालत असेल तर स्पेक्ट्रम उलटा दिसतो, डायल वर नेला की सिग्नल चुकीच्या बाजूला सरकतात. सॉफ्टवेअरमध्ये उलटवण्याची खूण असते. एचडीएसडीआर किंवा एसडीआर कन्सोल ओम्निरिगला जोडलं की पडद्यावर क्लिक केलेल्या जागी रिग जाते.

काही जण डोंगल थेट अँटेनालाच स्प्लिटरमधून लावतात. सोपं आहे, पण ट्रान्समिटला ५ वॅट म्हणजे ५० ओहमवर १५.८ व्होल्ट, आणि डोंगल झेलतो काही मिलिवॅट. ट्रान्समिटला डोंगलचं इनपुट सोडवून ग्राउंड करणारा रिले असल्याशिवाय असं करू नका. केएक्स३ सारख्या रिगला आय-क्यू आउटपुट (एकाच सिग्नलचे दोन भाग) असतं. तिथे डोंगल नकोच, ९६ किलोहर्ट्झचं स्टिरिओ साउंड कार्ड लावलं की ९६ किलोहर्ट्झचा पट्टा दिसतो.

ट्रान्समिट केल्यावर यूएसबी तुटत असेल तर

की दाबली की कॅट बंद पडतं, साउंड कार्ड गायब होतं, किंवा पीटीटी अडकून राहतो. शक्ती १ वॅटवर आणा. १ वॅटला सगळं ठीक आणि ५ ला बिघाड, तर आरएफ (ट्रान्समीटरची रेडिओ ऊर्जा) तारांवरून संगणकात शिरतोय. एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) अँटेना रिगच्या शेजारीच संपत असेल तर हे फार वेळा होतं.

आधी मूळ थांबवा: अँटेनाच्या कोअॅक्सवर, रिगच्या जवळ, ३१ मिक्सच्या फेराइट रिंगवर दहाएक वेढे घ्या. ३ ते ३० मेगाहर्ट्झला हे मिक्स उत्तम. मग यूएसबी केबल आखूड करा आणि तिलाही त्याच मिक्सच्या रिंगवर पाच-सहा वेढे द्या. क्लिपसारखा एकच फेराइट अडकवून एचएफवर फारसा फरक पडत नाही, वेढे महत्त्वाचे. रोध साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. कॅट आणि आवाजाच्या तारा अँटेनाच्या कोअॅक्सला समांतर नेऊ नका.

रास्पबेरी पायवर काम करत असाल तर आणखी एक शक्यता तपासा. त्याचा पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो कमी व्होल्टेजची सूचना देतो आणि यूएसबीवरच्या वस्तू डळमळतात. ट्रान्समिटला बॅटरीचं व्होल्टेज खचतं, आणि पातळ तारेवर ते आणखी खचतं. संगणकाच्या कन्व्हर्टरची तार रिगच्या सॉकेटवरून न घेता थेट बॅटरीच्या टोकांवरून, वेगळ्या फ्यूजमधून आणा. बॅटरी संपत आली की आधी संगणक रीतसर बंद करा, नाहीतर मेमरी कार्डावरची फाइल खराब होते. रिग त्यानंतरही उरलेल्या चार्जवर बराच वेळ सीडब्ल्यू चालवते.